सुमनच्या बांधावरचे हिरडे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही — देवळात हात जोडतानाही हा विषय शिताफीने टाळत आले. आज का सांगते? तुम्ही माझ्या गावचे नाही, एवढं कारण पुरे. आणि ऐकताना माझी दया यायला लागली, तर ती स्वतःपाशीच ठेवा. मला नको आहे.

आमचं गाव अकोले तालुक्यात, पार डोंगराकडे. भात खाण्यापुरता होतो. बाकी सगळं चालतं ते बांधावरच्या हिरड्यावर, त्याची फळं विकून. ही झाडं कुणी लावलेली नाहीत, आजेसासऱ्यांच्या आधीपासूनची. वाटणीत तीन आमच्याकडे आली, पाच धाकट्या जावेकडे, सुमनकडे. तीन आणि पाच — हो, तेही डोक्यात होतंच.

मग गावात हिरडे शेंड्याकडून वाळायला लागले. तालुक्याहून माणसं आली. म्हणाली, तुमच्यातल्याच एकीला शिकवतो, ती बाकीच्यांना शिकवेल. निवड सुमनची झाली. बारावी शिकलेली ना! माझ्या हाताखाली भाकरी थापायला शिकलेली ही पोर शाळेच्या ओट्यावर उभी राहून मला — मला — कोयता कसा चालवायचा ते सांगणार?

रोगट फांदी वीतभर खालून कापा. जखमेवर चुना-मोरचुदाचा लेप द्या. कापलेलं जाळून टाका. आणि झाड बदललं की कोयता स्पिरिटनं पुसा, नाहीतर रोग तुम्हीच पोचवाल. सगळ्या बायका माना डोलवत होत्या. मी मोठ्याने म्हटलं, आमच्यात काम चालू असताना हत्यार पुसत नाहीत. पुसलं की काम संपलं. खरंच तशी रीत आहे आमच्याकडे. बायका हसल्या. सुमनही हसली, आणि स्पिरिटची बाटली माझ्याच हातात दिली. तिला दुसऱ्या वाडीत शिकवायला जायचं होतं, म्हणून तिची झाडंही मीच बघायची असं ठरलं. विश्वासाने दिली हो तिने. त्याचाच मला जास्त राग आला.

रीत होती म्हणून पुसला नाही, असं मी आजवर स्वतःलाही सांगत आले. पण — किती दिवस रीतीच्या पदराआड लपायचं?

माझ्या पहिल्या झाडानंतर मी कोयता पुसला. दुसऱ्यानंतरही पुसला, चांगला घासून. तिसरं झाड रोगट होतं, ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. त्याच्या फांद्या उतरवल्या, लेप दिला, आणि तोच चिकट कोयता घेऊन बांध ओलांडला. सुमनच्या झाडांना रोग नव्हता, त्यांच्या नुसत्या वाळक्या काड्या काढायच्या होत्या. मी ओल्या फांद्यांत पातं घातलं. पाचही झाडांच्या.

विसरले होते का? नाही. बाटली ओच्यात होती, चालताना मांडीला लागत होती.

पुढच्या हंगामापर्यंत तिची पाचही झाडं वाळली. माझं रोगट झाड मात्र सावरलं. एके दिवशी ती माझ्या घराकडे येताना दिसली, तशी मी धावत जाऊन उरलेलं स्पिरिट मोरीत ओतलं.

“आक्का, तुमी कोयता पुसला हुता ना? दर झाडाला?”

“व्हय,” मी म्हणाले. आणि रिकामी बाटली पुढे केली.

तिने ती उजेडाकडे धरून पाहिली. बराच वेळ.

“मंग माझंच शिकवायला चुकलं आसंल,” ती म्हणाली.

ग्रामसभेतही तिने हेच सांगितलं, सगळ्यांसमोर. लोकांना तेवढंच हवं होतं. ही बाई बऱ्या झाडांना कोयता लावायला सांगते, असं म्हणत तिला खाली बसवलं. वाडीवाडीचं शिकवणं तिथेच थांबलं. त्यानंतर कुणी लेप कालवला नाही, अन् गावातली आणखी झाडं गेली. मी त्या सभेत बायकांच्या पहिल्या रांगेत होते. एक शब्द बोलले असते तर? बोलले नाही. उलट, लोकांच्या म्हणण्याला मान डोलवली.

तेव्हा मला बरं वाटलं. हेही सांगून टाकते. घरी येऊन पोटभर जेवले.

आता हंगामात सुमन माझ्याकडे रोजाने येते, माझ्या तीन झाडांचा हिरडा उतरवायला. एखादी वाळकी फांदी काढायची असली की आधी पिशवीतून बाटली काढते, कोयता पुसते, दोन्ही बाजूंनी, आणि मगच माझ्या झाडाला लावते. मी खाली उभी राहून बघते.