अठरा मीटरवरची माणसं

धनुर्विद्येच्या हॉलमध्ये कुणी बोलत नाही. खेळाडू नेम धरून उभे, आणि आम्ही कार्यकर्ते भिंतीला पाठ लावून गप्प. दिवसभर जे बोलायचं राहतं ते साठतं आणि चहाच्या वेळी बाहेर पडतं. माझ्याकडे जरा जास्तच साठलंय, कारण माझा चहा बहुतेक वेळा एकटीचाच असतो.

*

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. धनुष्य कधी हातात धरलेलं नाही. माझी मुलगी ऋतुजा चिखलीच्या क्लबात शिकायची, मी तिला स्कूटरवर सोडायचे. बारावीनंतर ती बंगळुरूला शिकायला गेली. घरी आम्ही दोघीच होतो. पुढच्या रविवारी सकाळी मी सवयीनं स्कूटर काढली ती थेट क्लबच्या दारात.

क्लबचं सगळं बघणारे जाधव काका तिथं झाडत होते. म्हणाले, "ताई, पोरगी कुठं हाय?"

"बंगळुरूला गेली."

"मग तुमी?"

मी स्कूटर स्टँडला लावली. काकांनी झाडू ठेवला आणि टार्गेटच्या कागदांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. "मग हे लावा."

तेव्हापासून लावतेय.

*

काकांचं गाव चिखलीच. शेताच्या जागी बिल्डिंगा झाल्या, पोरं परदेशी गेली, काकू वारल्या. क्लबात शिट्टी त्यांच्याकडे असते. एक शिट्टी म्हणजे बाण मारा. तीन म्हणजे थांबा आणि आपापले बाण काढून आणा.

एकदा सहज म्हणाले, "शेजारी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या ना ताई, की मी उठून उभा राहतो. चार पावलं जातो पण. मग ध्यानात येतं, आपल्या घरात कुकर कुणी लावलाच न्हाई."

मी हसले. तेही हसले, पण माझ्यानंतर.

*

यंदा आमच्याकडे हॉलमधली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. अठरा मीटरवर टार्गेट आणि बारा-तेरा देशांचे खेळाडू. मी तीन दिवसांची रजा मागितली.

सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, तुम्ही कधी रजा घेत नाही. काय लग्न वगैरे?"

"आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे."

"तुम्ही खेळणार?"

"नाही. मी कागद बदलणार."

त्यानं फॉर्मवर कारण लिहिलं, 'घरगुती कार्यक्रम'. मी दुरुस्त केलं नाही.

*

पहिल्याच दिवशी एका बाणावरून वाद झाला. नऊ की दहा? परदेशी पंच आले, वयस्कर गृहस्थ. खिशातून भिंग काढलं, वाकून बघितलं. बाण रेषेला जेमतेम शिवला होता. त्यांनी दहा दिले.

मी शेजारच्या आपल्या पंचबाईंना विचारलं, "नुसता शिवला तरी?"

"हो. शिवला की वरचा आकडा."

सतरा वर्षं मी कंपनीत मापाचं गेज लावून केसभर फरकाला माल रिजेक्ट करतेय. त्या दिवशी घरी जाताना नाशिक फाट्यापर्यंत मी त्याच एका नियमाचा विचार करत होते.

*

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऋतुजाचा फोन आला. "मम्मी, कोण पुढे आहे?"

कागद बदलणाऱ्याला भोकं दिसतात, माणसं नाही. म्हटलं, "सहा नंबरच्या टार्गेटवर एकाच जागी तीन भोकं आहेत बघ."

"कुणाची?"

"ते नाही माहीत."

"बरं मम्मी, लेक्चर आहे," ती म्हणाली.

*

शेवटच्या दिवशी बाद फेरी होती. प्रत्येक खेळाडूच्या मागं एक चौकोन आखलेला असतो, तिथं त्याचा कोच उभा राहतो. एक मुलगी अगदी एकटी आली होती, कुठल्याशा लहान बेटावरच्या देशातून. कोच नाही, टीम नाही. समोरच्या पोरीच्या चौकोनात कोच दुर्बीण घेऊन उभा, हिचा चौकोन रिकामा.

सकाळी नाश्त्याला मीच तिला पोहे वाढले होते; ती सरळ माझ्याकडे आली. चौकोनाकडे बोट दाखवलं आणि हात जोडले.

मी घाबरून काकांना म्हटलं, "अहो, मला यातलं काय कळतंय?"

काका जाऊन पंचांना विचारून आले. "चालतंय म्हणत्यात. तुमचं कार्यकर्त्याचं जाकीट तेवढं काढा. आन् बोलायचं न्हाई काही, नुसतं हुबं ऱ्हावा."

मी उभी राहिले. पहिला बाण आठवर गेला. तिनं मागं वळून बघितलं. मी मान हलवली. दुसरा नऊ, पुन्हा बघितलं, पुन्हा मान. असं करत करत सामना बरोबरीत आला. मग दोघींना एकेकच बाण. जिचा मध्याच्या जवळ, ती जिंकली. हिचा बोटभर लांब पडला.

मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. बॅगेतून फोन काढला, व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या हातात देऊन बाण काढायला निघून गेली.

स्क्रीनवर माझ्याच वयाची एक बाई होती. स्वयंपाकघरात उभी, ओले हात पदरासारख्या कशाला तरी पुसत. तिनं मला काहीतरी विचारलं. भाषा कुठली होती देव जाणे.

मी म्हटलं, "जेवली हो ती. सकाळी दोन प्लेट पोहे खाल्ले."