खुंट्यांचं पाणी

डहाणूहून जीप काढली, की आमचा जमिनीखालचं पाणी शोधणारा सर्वेवाला बोलायला लागतो, ते पार तलासरीपर्यंत. फक्त "पाणी लागेल का हो?" असं कुणी विचारलं, की ठणकावतो, "मशीन लावल्याशिवाय सांगत नाही!"

मग तो लोखंडी खुंट्या ठोकतो, वायरी जोडतो आणि ओरडतो, "हात लावू नका, करंट सोडतोय!" जमीन करंटला किती अडवते, त्यावरून खाली कातळ की पाणी ते त्याला कळतं. सुकी जमीन करंट नीट घेत नाही, म्हणून खुंट्यांच्या बुडाशी तो कॅनमधलं पाणी ओततो.

एका मावशीनं ते शेजारच्या पाड्यावर बघितलं होतं. आम्ही पोचलो तर तिचं अख्खं अंगण ओलं! झऱ्यावरून डोक्यावर आणलेलं सगळं पाणी तिनं ओतलं होतं. "मशीनला लागतं ना?"

तो हसला नाही. ओल्या अंगणात वरचे आकडे खोटे येणार, म्हणून वायरी लांबवर ओढून त्यानं खोलवरचे आकडे घेतले. "मावशी, इथं नुसता कातळ आहे. आता बांधाखाली बघू." आणि आमचा कॅन त्यानं तिच्या रिकाम्या हंड्यात उपडा केला.

"आता खुंट्यांना काय ओतणार?" मी विचारलं.

"तिथं ओल असणारच!" तो मावशीला ऐकू जाईल असं ओरडला.

मशीन न लावता तो पाण्याबद्दल बोलला, ते तेवढंच एकदा.