ॲशबर्नला जाऊन पाहिलेला पुलाचा प्रश्न

प्रवासाची हौस मला कधीच नव्हती, आणि साठी उलटल्यावर तर गाडीत दोन तास बसलं की गुडघे कुरकुरतात. तरीही ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी मॉरिसव्हिलहून ॲशबर्नला निघाले, कारण इथल्या, अमेरिकेतल्या, आमच्या रविवारच्या मराठी शाळेतला मोठ्या मुलांचा वर्ग बंद पडायला आला होता. चौदा वर्षं मी तो चालवत होते. एके काळी बावीस मुलं होती, आता नऊ. काहीतरी नवं आणा, नाहीतर दिवाळीनंतर वर्ग बंद, असं समितीने सांगितलं होतं. ॲशबर्नच्या मराठी शाळेत मुलांना स्वतः विचार करायला लावणारं एक सॉफ्टवेअर वापरतात, असं कानावर आलं. ते पाहायचं आणि समितीला सांगायचं, एवढंच काम.

गाडी प्राचीची. ती मूळची नागपूरची, आमच्यापासून चार घरं सोडून राहते. तिची तेरा वर्षांची मुलगी इरा माझ्या नऊ जणांतली एक. तीही मागे बसली होती, कानांत इअरफोन घालून.

याच रस्त्याने जाणार असाल तर शुक्रवारी दुपारी दोनला निघू नका. आम्ही निघालो. पीटर्सबर्गपर्यंत ८५ नंबरचा हायवे सरळसोट, दोन्हीकडे झाडांच्या भिंती. साउथ हिलला गॅस, म्हणजे पेट्रोल, आणि बाथरूम उरकून घ्या. पुढे ९५ वर फ्रेडरिक्सबर्गजवळ गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. टोलच्या एक्सप्रेस लेनचा दर गर्दीप्रमाणे चढतो. प्राचीने बोर्डावरचा आकडा पाहिला आणि मान फिरवली. घरून नेलेले धपाटे तिथेच संपले.

"काकू, मुलं आधीच दिवसभर स्क्रीनवर असतात यार. त्यात अजून एक?" प्राची म्हणाली.

"खडू-फळ्याने नऊ उरली आहेत. आता आणखी काय बिघडणार?"

साडेचार तासांच्या रस्त्याला सात तास लागले. विमानतळाजवळची हॉटेलं शनिवार-रविवारी जरा स्वस्त पडतात, कारण कामासाठी आलेली माणसं घरी गेलेली असतात. खोली स्वच्छ होती. मी आडवी झाले ती सकाळीच उठले.

ॲशबर्नमध्ये घरांच्या रांगा संपल्या की बिनखिडक्यांच्या राखाडी इमारती सुरू होतात. आत नुसते कॉम्प्युटर, साऱ्या जगाचा डेटा साठवणारे.

"व्हॉट्स इन देअर?" इराने इअरफोन काढून विचारलं.

"तू डिलीट करत नाहीस ते सगळे फोटो," प्राची म्हणाली.

एका इंडियन ग्रोसरीच्या मागच्या काउंटरवर मिसळ मिळाली. तर्री नावापुरती आणि पाव गोड, पण गरम होती. वर्ग दहाला, लायब्ररीच्या एका खोलीत. शिकवणारा नीलेश पुण्याचा, आठवडाभर त्याच राखाडी इमारतींत नोकरी करतो. अकरा मुलं, अकरा टॅब्लेट, आणि मागे भिंतीला टेकून पालक.

सॉफ्टवेअर साधं आहे. पडद्यावर मराठीत एखादं विधान येतं. मुलाने ते पटतं की नाही ते निवडायचं, कारण लिहायचं, आणि आणखी काय कळलं तर मत बदलेल तेही लिहायचं. बरोबर-चूक ते सांगतच नाही, फक्त पुढचा प्रश्न विचारतं. त्या दिवशीचं विधान होतं: 'नवा पूल झाल्यापासून गावात अपघात वाढले, म्हणून पूल पाडावा.'

पाच मिनिटांत अकरा उत्तरं समोरच्या मोठ्या पडद्यावर आली. पुलामुळे वाहनंही वाढली असतील, अशा अर्थाची. मला फार बरं वाटलं. वर्ग वाचला, असं मनात म्हटलं. मग चष्मा लावून नीट वाचलं. अकराही जणांनी लिहिलं होतं, 'वाहनसंख्येतील वाढ विचारात घेणे आवश्यक आहे.' हीच मुलं दोन मिनिटांपूर्वी 'माझा चार्जर वर्क नाही करत' म्हणत होती.

मुलं गेल्यावर नीलेशला विचारलं.

"काकू, खरं सांगू?" तो टॅब्लेट गोळा करत म्हणाला. "पाहुणे येणार म्हटल्यावर पालकांनी ग्रुपवर प्रश्न मागितला. मी दिला. त्यांनी घरी तयारी करून घेतली."

"म्हणजे मी तपासणीला आलेला साहेब."

"मुलं अडखळली असती तर वाईट दिसलं असतं हो."

"अडखळली असती तर मला काहीतरी दिसलं असतं."

तो ओशाळला. माणूस वाईट नाही. इराला कुणी एक जादा टॅब्लेट दिला होता, तो तिच्या हातातच होता. मी तिचं उत्तर पाहिलं. 'पूल कुठे आहे? अपघात पुलावरच होतात का गावात?' पुढे इंग्रजीत एक अर्धवट वाक्य, आणि मत 'पटतं'वरून 'माहीत नाही'वर आणलेलं. माझ्या वर्गात मी हे लाल शाईने परत दिलं असतं. पूर्ण वाक्यात लिही म्हणून.

परतताना ९५ टाळून १५ नंबरचा रस्ता धरला. वॉरेंटन, कल्पेपर, फार्मव्हिल करत तो खाली येतो. तासभर जास्त लागतो, पण जीव शांत राहतो. कल्पेपरच्या अलीकडे सफरचंदांचा स्टॉल होता, एक पिशवी घेतली. क्लार्क्सव्हिलच्या तळ्यावरचा लांब पूल ओलांडताना प्राची म्हणाली, "काकू, मीटिंगमध्ये सांगा ना छान होतं म्हणून. टूल तर चांगलंच आहे. क्लास वाचेल."

तसं सांगणं अवघड नव्हतं. चौदा वर्षं काही थोडी नाहीत.

"बट यू सॉ इट," इरा मागून म्हणाली. "ते सगळं कॉपी होतं."



मंगळवारी समितीला जे पाहिलं ते सांगितलं. सॉफ्टवेअर चांगलं आहे, पण त्या खोलीत विचार करताना मला एकच मुलगी दिसली, आणि तिला आधी प्रश्न माहीत नव्हता. पालकांना बाहेर ठेवणार असाल तरच घ्या. समितीत सात जण, सातही पालक. सेक्रेटरी म्हणाला, "मग उपयोग काय, काकू?" वर्ग बंद झाला. दिवाळीच्या आधीच.

ॲशबर्नला जावं का, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, जा, पण कुणाला न कळवता जा. मला त्या प्रवासाचा शीण अजून आहे. चौदा वर्षांत किती अशा अर्धवट उत्तरांवर लाल शाई फिरवली असेल, याचाही.

सध्या रविवारी चार मुलं माझ्या घरी येतात. सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती आहे, तेवढी पुरते. आईवडिलांनी पोर्चवर थांबायचं, हा नियम. परवा इरा आणि दुसरी एक मुलगी एका विधानावरून हमरीतुमरीवर आल्या, अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत. दोघींचंही चुकत होतं. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

मी चहाचा कप उचलला आणि बाहेर प्राचीशेजारी जाऊन बसले.