सुमनताईंचा अंधार

सुमन भोईर पहिल्या दिवशी आल्या तेव्हा त्यांनी पाणीही घेतलं नाही. पडदे कोणत्या खोलीला हवेत एवढं विचारलं, त्या खोलीत गेल्या आणि दार आतून लावून घेतलं. दहा मिनिटं झाली तरी बाहेर येईनात. वहिनीने दोनदा दाराला कान लावला. "बाईंना बरं वाटत नसेल का रे?" तिने मला विचारलं. दार उघडलं तेव्हा सुमनताई फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या.

"उजेड बघत होते," त्या म्हणाल्या. "माप नंतर. आधी तो कुठून कुठून येतो ते बघायला लागतं. तुमच्याकडे सात ठिकाणांहून येतो."

आम्हाला एकच खिडकी माहीत होती.

घर माझ्या मोठ्या भावाचं, श्रीकांतदादाचं. अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला, तिसरा मजला. दादा कारखान्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाला आणि पश्चिमेकडच्या खोलीचं त्याने होम थिएटर केलं. प्रोजेक्टर, दहा फुटी स्क्रीन, मागेपुढे खुर्च्या. खोलीला बारा फूट रुंद सरकती काच होती. पाकिटावर 'ब्लॅकआउट' लिहिलेले तयार पडदे त्याने लावून पाहिले होते. दुपारी तीन वाजता स्क्रीनवरचा नायक इतका फिका दिसायचा की तो आजारी आहे असं वाटावं. दादाने महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारी तीनलाच, जुन्या आठ सहकाऱ्यांना सिनेमाचं आमंत्रण देऊन ठेवलं होतं. सगळे साठीच्या पुढचे, कोणी उल्हासनगरचे, कोणी बदलापूरचे; दिवेलागणीच्या आत घरी परतणारे. म्हणजे अंधार हवा होता तो भर दुपारी.

सुमनताई कुळगावच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, बांधा बारीक, आवाज मोठा. उल्हासनगरच्या एका जीन्सच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी एकोणीस वर्षं मशीन चालवली आणि मग कुळगावात एक गाळा घेऊन 'पडदे शिवून मिळतील' अशी पाटी लावली. पाटीला तीन महिने झाले होते. या तीन महिन्यांत त्यांच्याकडे साडीचे फॉल आले, उशांचे अभ्रे आले, एका शाळकरी मुलीची पँट उंचीला कमी करायला आली. थिएटरच्या खोलीचं काम पहिलंच.

हे त्यांनी लपवलं नाही. "वर्कशॉपच्या शेठने माझी मशीन झाकून ठेवलीय," त्या माप घेताघेता म्हणाल्या. "म्हणतो, महिनाअखेरपर्यंत दुसऱ्या कोणाला बसवत नाही, हौस झाली की ये परत. तर हे काम जमलं तर मी पडदेवाली. नाय जमलं तर एक तारखेपासून परत जीन्सवाली."

"जमेल हो," वहिनी म्हणाली.

"जमेल नाही वहिनी, दिसेल. म्हणजे काहीच दिसणार नाही," असं म्हणून त्या स्वतःच मोठ्याने हसल्या.

उल्हासनगरच्या कापडबाजारात त्या दादाला आणि मला घेऊन गेल्या. दादाला मरून मखमल हवी होती, जुन्या थिएटरांत असायची तशी. सुमनताईंनी हरकत घेतली नाही. "मखमल तुमची, अस्तर माझं," त्या म्हणाल्या. अस्तर निवडताना त्यांनी तीन दुकानं फिरवली. प्रत्येक ठिकाणी थानातलं कापड दोन हातांत ताणायच्या, मला मागून मोबाइलचा टॉर्च धरायला लावायच्या आणि डोळा कापडाला टेकवायच्या. एका दुकानदाराने विचारलं, "बाई, कपड़ा लेना है कि एक्स-रे निकालना है?" त्या तशाच डोळा लावून म्हणाल्या, "उजेडाला फट लागत नाय भाऊ, नुसता संशय लागतो." तिसऱ्या दुकानात मागून काळा लेप दिलेलं अस्तर मिळालं. टॉर्च आरपार गेला नाही. पन्हा चौपन्न इंच. बारा फुटांसाठी तीन पट्टे जोडायचे आणि दोन्ही कडांना भिंतीवर वळवायला एकेक, असे पाच.

गुरुवारी दुपारी पडदे चढले. लावण्याआधी सुमनताईंनी प्रत्येक शिवण दोन्ही हातांनी करकचून ओढून दाखवली. वर्कशॉपमध्ये माल तपासायची ही रीत होती. "हत्ती लटकला तरी उसवणार नाही," त्या म्हणाल्या. मग पडदे बंद केले.

खोली काळी झाली. आणि त्या काळोखात वरपासून खालपर्यंत बारीक ठिपक्यांच्या उभ्या रांगा लुकलुकू लागल्या. दोन-दोनच्या जोडीने.

"अगंबाई, चांदण्या!" वहिनी म्हणाली.

"छान आहेत," दादा म्हणाला. "पण मला सिनेमा बघायचाय."

सुमनताईंनी जवळ जाऊन एका ठिपक्यावर नख ठेवलं, मग दुसऱ्यावर. नंतर मोजणी जाहीर केली. "आठ रांगा. चार जोड, मखमल-अस्तर एकत्र, प्रत्येकाला डबल टाका." त्या खाली बसल्या. "जीन्सचा टाका मारला मी. जाडी सुई, दुहेरी शिवण. एकोणीस वर्षांचा हात आहे, मला विचारत पण नाही. लेपातून सुई गेली की भोक राहतं, डेनिमसारखं बुजत नाही. आणि पन्हापण मी तसलाच घेतला, सवयीचा."

दादाने अभियंत्याला शोभेल असा उपाय काढला. "मागून काळी टेप मारू. कोणाला कळणार आहे?"

"पावसाळ्यात टेप सुटेल साहेब. आणि सुटली की लोक म्हणतील, जीन्सवालीने ठिगळ लावलंय." त्या उठल्या आणि स्टुलावर चढून पडदे काढायला लागल्या. "हे अस्तर गेलं. नवीन माझ्या अंगावर. रविवार आहे ना? मग आहे वेळ."

शुक्रवारी सकाळी त्या पुन्हा त्याच दुकानात होत्या. मी सोबत होतो. या वेळी त्यांनी विचारलं ते थानाच्या रुंदीचं. सगळ्यात मोठा पन्हा किती? दुकानदाराने गोदामातून एकशे दहा इंचांचं थान काढून आणलं. खोलीची उंची रॉडपासून फरशीपर्यंत एकशे दोन इंच. सुमनताईंनी मधोमध दुमडलेलं ते थान उभं धरलं; दुमडलेला पन्हा हनुवटीपासून पायापर्यंत आला, आणि कापडाची लांबी आडवी.

"आड़ा लगाओगी?" दुकानदार म्हणाला. "कपड़ा आड़ा नहीं लगता बाई. डिज़ाइन टेढ़ा आएगा."

"अस्तर में कौन सा डिज़ाइन है, दाखव मला."

त्याने थान उलगडलं. पन्ह्याची उंची झाली, आणि थानाची लांबी हवी तेवढी घ्यायला मोकळी. वीस फूट सलग कापड, मध्ये एकही जोड नाही, म्हणून एकही शिवण नाही. सुई लागणार होती ती फक्त वर आणि खाली. वरची शिवण लाकडी पेल्मेटच्या, म्हणजे रॉडवरच्या पेटीच्या, आत जाणार, खालची फरशीवर पडणार. मखमलीचे जोड पुढे राहतील, त्यांच्या भोकांमागे सलग अस्तर असेल. पडदा दोन भागांत न करता एकाच बाजूला सरकणारा करायचं त्यांनी तिथेच ठरवलं. "मध्ये फट नको," त्या म्हणाल्या. "दोन पडदे भेटतात तिथे भांडण असतंच."

रविवारी दुपारी दोनला त्या पडदा घेऊन आल्या. शनिवारभर गाळ्याचं शटर अर्धं ओढून त्या शिवत होत्या, हे मला शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याकडून नंतर कळलं. एवढा मोठा तुकडा मशीनवर मावेना म्हणून त्यांनी अर्ध्या गाळ्यात सतरंजी अंथरून कापड तिच्यावर पसरलं होतं. सुई बारीक घातली होती, टाका एकेरी.

पेल्मेट, रॉड, कडा भिंतीवर चिकटवायच्या पट्ट्या, दाराखाली कापडाची गुंडाळी. सातही ठिकाणं त्यांनी क्रमाने बंद केली. अडीच वाजता बाहेर पश्चिमेचं ऊन थेट काचेवर होतं. काचेला हात लावला तर चटका बसत होता. त्यांनी पडदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढला आणि आम्हाला खाली बसायला सांगितलं.

डोळे सरावतील, मग काहीतरी दिसेल, असं मला वाटत होतं. डोळे सरावले. काही दिसलं नाही. वहिनीने "श्रीकांत, तू कुठे आहेस?" असं विचारलं. ती त्याच्या शेजारीच बसली होती.

"मी माझा हात शोधतोय," दादा म्हणाला. "सुमनताई, हा सापडत नाहीये!"

"आठ रांगा कुठे आहेत साहेब?"

"एकही नाही!" दादा ओरडलाच. त्याने टाळ्या वाजवल्या. वहिनीनेही वाजवल्या. मी वार्ताहर आहे, टाळ्या वाजवायची सवय नाही, मीही वाजवल्या.

मग एक मोबाइल उजळला. त्या उजेडात क्षणभर सुमनताईंचा चेहरा दिसला, घामाने ओला, केसांना दोरे चिकटलेले. फोन कानाला लागला आणि परत काळोख झाला. पुढचं मी फक्त ऐकलं.

"शेठ, सुमन बोल रही हूँ... हां, सब ठीक. सुनो, वो मेरी मशीन का कपड़ा निकाल दो... नहीं नहीं, मैं नहीं आ रही. रंजना को बिठाओ उस पे, हाथ अच्छा है उसका... अब? अब पर्दे का काम है मेरा... हां शेठ. पक्का."

फोन बंद झाला. खाली गेटवर रिक्षा थांबल्याचा आवाज आला, पाठोपाठ दादाच्या मित्रांच्या हाका.

"आले," दादा म्हणाला. "दिवा लावू?"

"पाच मिनिटं थांबा साहेब," सुमनताई म्हणाल्या. "जरा बसू द्या."