तारखांचं पान वेगळं

रोशन निकुरेचा धंदा समजून घ्यायचा तर आधी वडसा समजून घ्यावं लागतं. दिवाळीपासून होळीपर्यंत पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं होतात, आणि ती करणाऱ्या कंपन्यांची कार्यालयं वडशाच्या एकाच रस्त्यावर ओळीनं बसलेली आहेत. मंडईची जत्रा, बैलांच्या शर्यतीचा शंकरपट, काही ना काही निमित्त काढून गावचं मंडळ येतं, बाकावर बसतं, चहा पितं आणि तारीख पक्की करून जातं. पूर्वी ही तारीख डायरीत पडायची. एका हंगामात एका कंपनीनं एकच तारीख दोन गावांना दिली आणि दोन्ही गावांनी मंडप ठोकले. पुढं काय झालं ते वडशात अजून चवीनं सांगतात. रोशनला मात्र त्यातून त्याचं सॉफ्टवेअर सुचलं.

त्याचं नाव 'तारीखवही'. मोबाईलवर उघडायचं, कंपनी निवडायची, रिकाम्या तारखा बघायच्या. एकोणीस कंपन्यांच्या तारखा त्यात होत्या. झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत हे सगळं चाले. संगणकावर रोशन, फोनवर त्याची बायको ज्योत्स्ना. मंडळवाल्यांशी बोलायला तिच्याइतका धीर रोशनपाशी नव्हता.

या धंद्याआधी रोशन धनराजभाऊंच्या कंपनीत सहा वर्षं प्रॉम्प्टर होता. चेहरा सामान्य, आवाज बारीक, म्हणून रंगमंचावर कोणी घेतलं नाही. पण पाठांतर असं की अख्खं नाटक तोंडपाठ. आडोशाला बसून नटाला विसरलेला शब्द पुरवायचा, तोही असा की पहिल्या ओळीतल्या म्हाताऱ्यालाही पत्ता लागू नये. या कामाचा एकच कडक नेम आहे. कोण काय विसरला, हे प्रॉम्प्टरनं कुणाला सांगायचं नाही. चहाच्या टपरीवर नाही, घरी बायकोलाही नाही. रोशननं तो नेम सहा वर्षं पाळला. पुढं ब्रह्मपुरीला संगणक शिकून त्यानं तारीखवही केली, तेव्हा पहिल्यांदा तारखा दिल्या त्या धनराजभाऊंनीच. भाऊंनी दिल्या म्हणून बाकीच्यांनी दिल्या. वडशात असंच चालतं. भाऊंच्या तालमीला रोशन अजूनही जाऊन बसे.

तारीखवहीसाठी रोशननं इंटरनेटवर एक पान काढलं होतं. वर तारखा आणि सूचना, खाली त्याचा स्वतःचा ब्लॉग. हंगामात पाहिलेल्या नाटकांबद्दल तो तिथं लिही. कोणाचं नेपथ्य चांगलं, कुठं गाणी फार झाली, कोणता नवा पोरगा पुढं जाईल. लिही बरं. नागपूरचे दोन प्राध्यापक वाचत, गडचिरोलीच्या एका वर्तमानपत्रानं एकदा उताराही छापला. आपलं लिहिणं लोक वाचतात हे कळल्यावर माणूस जरा ताठ चालायला लागतो, तसा रोशनही चालायला लागला होता. त्यानं पानावर एक चौकट लावली, 'सर्वाधिक वाचलेलं'. ती नेमकी तारखांच्या खाली बसली. गंमत म्हणजे, लावली आणि विसरून गेला.

मागच्या होळीच्या सुमाराला त्यानं धनराजभाऊंच्या नव्या नाटकावर लिहिलं. भाऊंचं वय एकसष्ट, आणि नायक अजून तेच. रोशननं भाऊंच्या अभिनयाचं मनापासून कौतुक केलं आणि शेवटी लिहिलं, तिसऱ्या अंकात भाऊंचा आवाज आता प्रेक्षकांच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचत नाही, त्यांनी नायक सोडून बापाच्या भूमिकेकडं वळावं. त्याच्या सगळ्या लिखाणात हेच सर्वांत जास्त वाचलं गेलं.

दिवाळीआधी सिंदेवाहीकडच्या एका गावाच्या मंडळानं तारखा बघायला पान उघडलं. भाऊंच्या कंपनीची तारीख मोकळी होती. खाली बोट सरकवलं तर चौकट. मंडळानं लेख पूर्ण वाचला, आपसांत मसलत केली आणि भाऊंना फोन लावला. "भाऊ, नाटक तुमच्याच कंपनीचं पायजे, पण हिरो दुसरा द्या ना जी."

अशा रीतीनं धनराजभाऊंना तो लेख कळला.

दुपारपर्यंत रस्ताभर बातमी झाली, आणि दोन कंपन्यांनी ज्योत्स्नाला फोन करून विचारलं, आमच्या तारखा दुसरीकडं न्यायच्या असतील तर काय करावं लागतं? भाऊ निघाले असते तर दहा-बारा जण त्यांच्यामागं निघाले असते, आणि हंगाम तोंडावर आला होता. ज्योत्स्नानं फोन खाली ठेवला आणि नवऱ्याकडं बघितलं.

"दुकानाच्या पाटीवर आपल्याच गिऱ्हाइकाचं वाईट लिवून ठेवलं तुमी," ती म्हणाली. "लिवा ना, लिवाले नाई कोण म्हणते? पण दुकान वेगळं अन् लिवणं वेगळं करा."

"वाईट नाई लिवलं मी. खरं लिवलं."

"मंग खरं वेगळ्या पानावर ठेवा. अन् तो लेख पुसून टाका."

रोशननं तिचं अर्धं ऐकलं. दोन दिवस बसून त्यानं धंद्याचा वेगळा ब्लॉग उभा केला. पत्ता वेगळा, नाव फक्त 'तारीखवही'. कंपन्यांच्या तारखा, तारीख कशी टाकायची, कशी रद्द करायची, मंडळानं फोन कोणत्या वेळेत करायचा, एवढंच त्यावर. स्वतःचं एक वाक्य नाही, एक विशेषण नाही. सगळ्या तारखा आणि जुन्या सूचना उचलून इकडं आणल्या, ती चौकट काढली, दोन पानांना जोडणारी एकही लिंक ठेवली नाही. काम नीटनेटकं झालं, यात शंका नाही. जुन्या ब्लॉगवरचा भाऊंवरचा लेख मात्र त्यानं पुसला नाही. खरं कशाला पुसायचं, हा त्याचा हट्ट होता, आणि हट्टाच्या आड थोडी भीतीही होती. पुसला तर चूक कबूल केल्यासारखं होईल.

नव्या पानाचा पत्ता त्यानं एकोणीस जणांना पाठवला. अठरा जणांनी होकाराचा अंगठा पाठवला. एकोणिसावे स्वतः जिना चढून आले.

धनराजभाऊ खुर्चीवर टेकले, पाणी प्याले. ज्योत्स्ना चहा आणायच्या निमित्तानं खाली गेली.

"तो लेख वाचून दाखव," भाऊ म्हणाले.

"भाऊ, आता ते पान वेगळं केलं मी. तारखा पाहाले येणाऱ्या मंडळाले ते दिसतच नाई—"

"वाच म्हणलं ना मी तुले."

रोशननं वाचलं. कौतुकाचा भाग आला तेव्हा आवाज जरा मोठा झाला, शेवटाकडं बारीक होत गेला. भाऊ डोळे मिटून ऐकत होते. तालमीतही असेच ऐकायचे.

"कोणत्या ओळीत बसला होता तू?"

"शेवटच्या."

"अन् तिसऱ्या अंकात माहं नाई ऐकू आलं?"

रोशनला खोटं बोलणं सोपं होतं. तो म्हणाला, "नाई आलं, भाऊ."

भाऊंनी मान हलवली. रागावल्यासारखे दिसत नव्हते, आणि तेच रोशनला जड गेलं.

"खोटं नाई लिवलं तू. मलेबी ठावं होतं," ते म्हणाले. "सहा वरसं आडोशाले बसून तू मले शब्द पुरवला. भर अंकात, पाच हजार मान्सं समोर, कोणाले पत्ता नाई लागला. अन् हे येवढं एक वाक्य तुले माह्या कानात नाई सांगता आलं? सिंदेवाहीकडून कळावं लागलं मले?"

दोन दिवस रोशन पानं वेगळी करत बसला होता आणि चूक पानात नव्हतीच. त्याला लाज वाटली, साधी, तोंड लपवावं अशी लाज.

"पुसून टाकतो, भाऊ."

"पुसू नको. वाचलं सगळ्यायनं, आता पुसून काय होते?" भाऊ पुढं झुकले. "तुह्या नव्या पानावर लिव. नायक सलमान. बापाच्या भूमिकेत धनराज. सिंदेवाहीवाल्यायले तारीख देऊन टाक."

सलमान हा कंपनीतला दुसरा नट, तिशीचा, खणखणीत आवाजाचा. रोशननं लिहिलं. भाऊंनी पडद्याकडं पाहिलं, दोन्ही नावं दिसली का विचारलं आणि उठले.

"तारखा राहू दे तुह्याकडं. काम चोख हाये तुहं," दारात थांबून ते म्हणाले. "पण तालमीले येत नको जाऊ आता."

ज्योत्स्ना चहा घेऊन वर आली तेव्हा भाऊ जिना उतरून गेले होते. "राहिले ना?" तिनं विचारलं. रोशन म्हणाला, राहिले. ती सुटल्यासारखी बसली. एकोणीसच्या एकोणीस कंपन्या राहिल्या. त्या हंगामात धंद्याचं पान रोज उघडलं गेलं आणि कुणाची काही तक्रार आली नाही.

पौषात रोशननं तिकीट काढून भाऊंचं नाटक पाहिलं. मुद्दाम मागं बसला. तिसऱ्या अंकात बाप मुलाला घराबाहेर काढतो, तो प्रवेश भाऊंनी आवाज न चढवता केला, आणि शेवटच्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून रडल्या. असं काम त्यानं सहा वर्षांत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ब्लॉग उघडला नाही. फोन लावला.

"भाऊ, शेवटच्या ओळीपर्यंत आलं सगळं."

"बरं," भाऊ म्हणाले आणि फोन ठेवला.