सुतकातलं डेथ मेटल

सुक्या बोंबलांचा वास आला की तुमचे आजोबा गेल्यानंतरची ती दुपार आठवते. आमच्या आळीत कुणी गेलं की तेराव्यापर्यंत गाणंबजावणं बंद. शेजारच्या मासेवालीच्या मुलीचा डेथ मेटलचा बँड होता. दुसऱ्या दिवशी त्यांना पहिल्यांदाच स्टेजवर वाजवायचं होतं आणि सराव अडला होता. ती दारात येऊन म्हणाली, "आजी, एकच गाणं बसवायचंय." मागून तिची आई ओरडली, "लाज हाय का न्हाय गो? त्यांच्या घरात अजून दिवा जळतोय!" मी म्हटलं, "वाजवा. मला काही होत नाही." ते खरंच होतं, कशानेच काही होत नव्हतं. बोंबील वाळत घातलेल्या मांडवामागे ड्रम सुरू झाले, गिटारची गोड सुरावट उठली आणि तिच्यावर त्या पोरीची गुरगुर. "गाते का भांडते?" तिची आई म्हणाली. भिंतीवरचा आजोबांचा फोटो थरथरू लागला. पडेल म्हणून मी उठून त्याला हात लावला. ती थरथर तळव्यात आली. रडू आलं नाही. गाणं संपल्यावर खिडकीतून म्हटलं, "पुन्हा वाजवा." आता ते गाणं माझ्या फोनवर आहे. लावते तेव्हा फोटोवर हात ठेवते. फोनच्या आवाजाने तो हलत नाही.