पेट्रोलचा वास ओळखणारी

मला पेट्रोलचा वास येत नाही. चाळीस वर्षं तोंडानं नळी ओढून टाक्या रिकाम्या केल्या, त्यात नाक कधी गेलं ते कळलंसुद्धा नाही. मिस्तरीनं असं सांगू नये. पण आता लपवून तरी काय करू?

वास बायकोला यायचा. कनेरगाव नाक्यावर माझं गॅरेज, मागंच घर. पेट्रोलच्या नळीचं काम झालं की ती हातातलं टाकून यायची, आधी गाडी हुंगायची, मग माझा शर्ट. "जाऊ द्या," म्हणाली की मी चावी द्यायचो. "न्हाई," म्हणाली की परत गाडीखाली झोपायचो. गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई जेवायला बोलवायला आली. ती गेली त्याला ह्या पोळ्याला वर्ष झालं.

तेव्हापासून नळ्यांची कामं मी टाळतच होतो. मग एका सकाळी ट्रॅक्टरला बांधून एक लाल गाडी आली. बुटकी, जोरात पळणारी, पुण्याहून जुनी घेतलेली. मालक गोरेगावचा, तिशीतला. सोबत बायको, सातव्या महिन्याची. तिला कळमनुरीला माहेरी सोडायचं होतं. पावसाळाभर गाडी हळदीच्या शेडमधी उभी होती. उंदरांनी नळ्या कुरतडल्या, अन् ह्या बहाद्दरानं तिथं फवारणीच्या पंपाची नळी कापून जोडली. पेट्रोलनं ती फुगून कणकेसारखी मऊ झाली होती.

"काहून रे, गाडी कपाशीवर फवारायला न्यायची होती का?"

"काका, नळी ती नळीच ना."

"ह्या गाडीत पेट्रोल दाबानं पळतं. पेटली असती तर दार उघडायला टाइम भेटला नसता."

त्याची बायको म्हणाली, "मी तेच म्हणून राहिले होते. पण यांना माझ्यापेक्षा गाडी शहाणी."

ती बसली होती ती खुर्ची माझ्या बायकोची. मला कामाला नाही म्हणता आलं नाही.

सामान नांदेडहून आलं. टाकीपासून इंजिनापर्यंत सगळ्या नळ्या नव्या टाकायच्या होत्या. बॅटरीची वायर काढली, मागची सीट उचलली, जुनी नळी तुकड्या-तुकड्यानं ओढून काढली. दोन दिवस गेले. पूर्वी हे काम एका दिवसाचं होतं. गुडघे उठू देत नव्हते, अन् चहा घेऊन कोणी येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ते दोघं गाडी न्यायला आले. मी खाली जुने पेपर अंथरून टाकीतला पंप चालू केला. पेपर कोरडे राहिले. पण टाकीच्या डोक्यावर सीटखाली एक जोड असतो. तिथं झिरपलं तर खाली थेंब पडत नाही, जागच्या जागी उडून जातं. ते फक्त नाकाला कळतं.

'जरा हुंगून बघा' हे शब्द अगदी तोंडाशी आले होते. चाळीस वर्षांचा मिस्तरी गिऱ्हाइकाला असं म्हणंल? गिळले, अन् चावी दिली.

ती आत बसली, दार लागलं. नवऱ्यानं चावी फिरवायच्या आत ती नाकाला पदर लावून बाहेर आली.

"मामा, मागून वास येऊन राहिला."

सीट उचलली. जोडातल्या रबराच्या कडीला केसाएवढी चीर होती. नवी कडी पुडीतच पडून होती. जुनी चालंल म्हणून मी तीच बसवली होती. थकलो होतो, बास. दुसरं कारण नाही. त्या थकव्यापायी तीन जीव गेले असते.

नवी कडी बसवली, पंप चालू केला अन् तिला म्हणालो, "पोरी, आता तू बघ. माझं नाक गेलंय."

हे मी परक्या माणसाला पहिल्यांदा सांगितलं. तिच्या नवऱ्यानं तोंड दुसरीकडं केलं. ती कमरेवर हात ठेवून वाकली, सीटपाशी थांबली.

"न्हाई, मामा. आता वास न्हाई."

"बराबर बघितलं?"

"लेकराला घेऊन मलाच बसायचंय त्यात."

गाडी हळू गेली. त्यानं एकदाही इंजिनाचा आवाज चढवला नाही.

दुपारी डिझेलचा बोळा घेऊन मी पाटीवरची 'पेट्रोल लाइन' ही ओळ पुसून टाकली. आता पंक्चर काढतो, ऑइल बदलतो. नळीचं काम घेऊन कोणी आलं तर हिंगोलीला पाठवतो. काहून म्हणून विचारलं तर सांगतो, बघणारी राहिली न्हाई.